आधी पाय, मग खूर

उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन कलायला लागलं की आमच्या फाटकाची कडी वाजायची आणि आधी जनाआक्का बाहेर यायच्या. घोडी फाटकाच्या आतच थांबलेली, न बांधता. आक्का रस्त्याच्या मधोमध जायच्या, चपला काढून बाजूला ठेवायच्या आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी उभ्या राहायच्या. काष्टा घातलेलं नऊवारी, मोकळे हात, नजर समोरच्या सोसायटीच्या टाक्यांवर. कंपनीची बस आली तर ती थांबायची. नवा ड्रायव्हर असेल तर हॉर्न वाजवायचा, मग आतले कामगारच त्याला गप्प करायचे. थोड्या वेळानं आक्का म्हणायच्या, "चल पाखरे," आणि घोडी बाहेर यायची. नाहीतर काही न बोलता चपला पायात सरकवून आत वळायच्या. घोडीही वळायची.

नियम एवढाच होता. जिथं आपला तळपाय टेकत नाही तिथं घोडीचा खूर टेकवायचा नाही.

माझ्या पप्पांनी त्यांना एकदा अडवलं होतं. पप्पांना कुणालाही अडवायची सवय होती. ते म्हणाले, आक्का, खूर म्हणजे नख असतं, त्याला चटका बसत नाही, वर तुम्ही नाल ठोकून घेतलेत. आक्कांनी हे मान्य केलं. खुराला काही कळत नाही, हे त्यांना पप्पांच्या आधीपासून माहीत होतं.

"तिला न्हाई कळत," त्या म्हणाल्या, "म्हून तर मला कळाया पायजे."

पप्पांनी त्यांची वाट सोडली. आमच्या घरात हे क्वचित घडायचं.

आम्ही आक्कांचे भाडेकरू. पप्पा मराठवाड्यातून भोसरीच्या एमआयडीसीत आले, पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला लागले आणि चऱ्होलीत खोली शोधत फिरले. तेव्हा चऱ्होली खेडंच होतं. खोली आहे का, असं विचारलं की आहे म्हणायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. आक्कांनीही आडनाव विचारलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, घोडीच्या बाजूची खोली आहे, वास येतो, माशा येतात, चालंल का? पप्पा चालेल म्हणाले. हा प्रसंग पप्पा कौतुकानं सांगतात. मी दर वेळी म्हणते, कौतुक कसलं, जी खोली कुणी घेत नव्हतं ती त्यांनी आपल्याला दिली. आमच्या दोघांचंही खरं आहे.

आणखी एक गोष्ट खरी आहे. आईला वाटतं मी ती लिहू नये. पण गेलेल्या माणसाला धुऊन पुसून उभं करायचं असेल तर व्यक्तिचित्र कशाला, फोटोला हार घालावा. आक्का आमच्या घरचं पाणी पीत नसत. आमच्याशी बोलायच्या, भांडायच्या, मला ताप आला तर रिक्षा बोलवायच्या, पण पाणी नाही. बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची आणि पहिली वाटी मालकिणीला नेऊन द्यायची. "ठिव तितं," आक्का म्हणायच्या. मी लहान होते, घोडीच्या गोठ्यात माझा मुक्काम असायचा, म्हणून मला ते दिसलं. पाखरीच्या मिशांना खिरीतला भात चिकटलेला होता. मी धावत घरी येऊन सांगितलं. पप्पा ताडकन उठले. आईनं त्यांना हाताला धरून बसवलं.

"घोडीनं खाल्ली ना? वाया नाही गेली," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी तिनं परत वाटी नेली. त्याच्या पुढच्या वर्षीही. हा तिचा चांगुलपणा होता की हट्ट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आक्कांचं माहेर मावळात, तळेगावच्या वरच्या अंगाला. तिथून दूध आणि तांदूळ तट्टावर लादून बाजाराला न्यायचे आणि पोरीबाळी तट्टावर बसूनच परत यायच्या. त्यामुळे बसायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सासर चऱ्होलीचं. त्यांचे मालक, ज्यांना गाव दादा म्हणायचं, बैलगाड्यापुढे घोडी पळवायचे. आमच्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि बैल तिच्यामागे जीव खाऊन चढ चढतात. त्या चढाला घाट म्हणतात, एका गाड्याच्या पळण्याला बारी. फेटा गाडामालकाला बांधतात, गुलाल बैलांच्या अंगावर पडतो. घोडीचं नाव भोंग्यावर क्वचितच घेतात. दादांचं म्हणणं होतं की घोडीला नाव लागत नाही, तिला बैलांचे श्वास ऐकू आले की पुरे.

शर्यतींवर बंदी आली आणि त्या बंदीतच दादा गेले. मूलबाळ नव्हतं. भावकीनं बैल विकले, घोड्या विकल्या. लग्नाच्या वरातींसाठी माणसं घोडी मागायला येत. आक्का दारातूनच परत पाठवायच्या. पाखरी त्यांच्याच परसात जन्मलेली, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. तिला ठेवून करायचं काय, असं लोक विचारत. आक्का म्हणायच्या, तुमी आईला ठेवून काय करता?

उन्हाळा आला की त्यांचं सगळं घर घोडीभोवती फिरायचं. गोठ्याचे पत्रे तापतात म्हणून वर उसाचं पाचट टाकायचं आणि त्यावर पाणी मारायचं. दाराला ओलं गोणपाट. पहाटे, रस्ता गार असताना, रपेट. खोगीर त्यांना आवडायचं नाही. पाठीवर दुमडलेली गोधडी, वरून पट्टा आणि काष्टा आवळून वर. चपला फाटकापाशीच राहायच्या, घोडीवर त्या नेहमी अनवाणी बसत. इंद्रायणीच्या काठानं जुन्या घाटापर्यंत जायचं, पाखरीला थोडं मोकळं सोडायचं आणि ऊन चढायच्या आत परत. सोसायट्यांमधून चालायला निघालेली माणसं मोबाइल काढून उभी राहायची. साठी ओलांडलेली बाई नऊवारीत घोडीवर म्हणजे त्यांना नवल. आक्का त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत. एकदा एका तरुणानं अगदी अदबीनं विचारलं, आजी, परत एकदा तिकडून पळवत येता का, व्हिडिओ नीट आला नाही. आक्का म्हणाल्या, तूच पळ रं बाबा, मी काढते.

परत आल्यावर लगेच पाणी नाही. आधी हळूहळू चालवायची, घाम वाळू द्यायचा, मग ओल्या फडक्यानं मान, छाती, मांड्यांच्या आतला भाग पुसायचा. मग पाणी, तेही थोडं थोडं, मीठ आणि गूळ टाकून. मग भिजवलेले हरभरे आणि हिरवा घास. सकाळची पहिली भाकरी घोडीची. दुसरी आक्कांची. भाकरी करपली तर दोघींचीही करपायची. दुपारभर त्या गोठ्याच्या दारात बसून मिश्री लावत माशा हाकलायच्या आणि घोडीशी भांडायच्या. भाडेकरूंशी ज्या शब्दांत भांडायच्या त्याच शब्दांत. नळाला कोण आधी आलं, कुणी बादली आपटली, कुणी लाइट जाळली. पाखरी कान हलवायची. आमच्यापेक्षा तिचं ऐकणं बरं होतं.

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असत. पप्पा युनियनमध्ये होते, पत्रकं तेच लिहायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. 'ठेकेदारी' हा शब्द मला 'ठसा'च्या आधी आला. एका उन्हाळ्यात प्रेस शॉपमध्ये ठेक्यावरची पोरं भोवळ येऊन पडायला लागली. वर पत्रा, खाली तापलेली यंत्रं, पंखा फक्त सुपरवायझरच्या काचेमागे. पप्पांनी पत्रक लिहिलं, छापलं आणि वाटायच्या दिवसापर्यंत गठ्ठे गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या मागे ठेवले. आक्कांना विचारलं नव्हतं. आक्कांनी एक पत्रक ओढून काढलं आणि उंबऱ्यात बसून, अक्षराखाली बोट धरून वाचायला लागल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. अर्ध्यावर थांबल्या.

"पुढारी, लई लांबतोस," त्या पप्पांना म्हणाल्या. "हितं एक वळ बरी हाय. बाकीचं घोडीला घाल."

बरी ओळ अशी होती: 'साहेबांनी एक पाळी आमच्या जागेवर उभं राहून दाखवावं.' ही ओळ पप्पांना कुठून सुचली, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. मला माहीत आहे. फाटकाबाहेर रोज संध्याकाळी ती ओळच तर उभी असायची.

दोन दिवसांनी कंपनीची असावीत अशी माणसं गठ्ठे शोधत आली. आमची खोली उलटीपालटी केली. मग गोठ्याकडे वळली. आक्का दारात बसल्या होत्या. आत जाऊ नका म्हणाल्या नाहीत. जा की, म्हणाल्या, फकस्त मागनं जाऊ नका, लाथ मारती; आन फुडनंबी जाऊ नका, चावती. पाखरीनं आयुष्यात कुणाला लाथ मारलेली नव्हती. ती माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. रात्र उलटून सकाळी बघतो तो खाली घसरलेला एक गठ्ठा घोडीनं चघळून टाकलेला. पप्पा हसून म्हणाले, माझं पत्रक पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत संपवलं. पुढचं पत्रक त्यांनी एका ओळीचं काढलं. साहेब काही उभे राहिले नाहीत. पण पंखे आले, पुढच्या उन्हाळ्यात.

मग बंदी उठली. गावोगाव घाट सजले, रस्त्याच्या कडेला बैलांचे फोटो लागले आणि दादांचा पुतण्या संभा यानं कर्ज न काढता, प्लॉटिंगच्या पैशांतून चांगली बैलजोडी आणली. घाट माहीत असलेली घोडी भावकीत एकच उरली होती. संभा आक्कांच्या पाया पडला. म्हणाला, दादांचं नाव भोंग्यावर घ्यायला लावतो. आक्का तयार झाल्या. मला वाटतं, पाखरीपेक्षा त्यांनाच घाट बघायचा होता. त्यांनी महिनाभर पहाटेची रपेट वाढवली, घोडीची छाती भरली, आणि संभाला एकच अट घातली. ती तुम्हाला ठाऊक आहे.

यात्रेच्या दिवशी आम्ही सगळे भाडेकरू टेम्पोतून गेलो. वैशाखाचं ऊन. सकाळची बारी पुढे ढकलली गेली, पाहुण्यांचे सत्कार लांबले, आणि संभाच्या गाड्याचा पुकारा झाला तेव्हा डोक्यावर सूर्य होता. स्वार लगाम धरून तयार होता. आक्का घाटाच्या तोंडाशी गेल्या आणि त्यांनी चपला काढल्या.

मांडवाच्या सावलीतून भोंगेवाल्यानं विचारलं, आक्का, घोडीला छत्री पाठवू का? घाट हसला. घाट हसतो म्हणजे काय, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही; दोन्ही बाजूंच्या उतारांवर माणसंच माणसं असतात. संभा खालच्या आवाजात म्हणत होता, आक्का, काही सेकंदांचा तर प्रश्न आहे. बैल दावणीला ओढ घेत होते. आक्का एकेक पाय उचलत होत्या, ठेवत होत्या.

"छत्री नको," त्या मांडवाकडे बघून म्हणाल्या. त्यांना भोंगा नव्हता, पण जवळच्यांनी ते ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं. "तू हितं ये, चप्पल काढ आन माझ्या बाजूला उभा ऱ्हा. तू म्हनशील तवा घोडी सोडते."

तो आला नाही. मी सावलीतून बोलणारी पुष्कळ माणसं त्यानंतर पाहिली, सभांमध्ये, कार्यालयांमध्ये, आमच्या स्वतःच्या मंचांवरसुद्धा. त्या सगळ्यांचा चेहरा मला तेव्हाच एकदम दिसला होता. आक्कांनी लगाम स्वाराच्या हातातून घेतला आणि पाखरीला टेम्पोकडे चालवत नेलं. संभानं दुसऱ्याची घोडी घेऊन बारी पळवली. गाडा मागे पडला. दादांचं नाव भोंग्यावर आलं नाही. त्या दिवसापासून संभा आक्कांशी बोलेनासा झाला. दिवाळीला भाऊबंदांतलं कुणी त्यांच्या दारात आलं नाही. आक्कांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. पण पहाटेच्या रपेटीला त्या जुन्या घाटाकडे जाईनाशा झाल्या, नदीवरूनच वळायच्या.

पुढच्या उन्हाळ्याआधी आमच्या फाटकासमोरचा रस्ता सिमेंटचा झाला. पांढुरका, स्वच्छ, बघून तापलेला वाटायचा नाही.

त्या दिवशी माझी परीक्षा जवळ आली होती म्हणून मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. नेहमीपेक्षा लवकरच कडी वाजली. आक्का रस्त्यावर गेल्या, चपला काढल्या, उभ्या राहिल्या. चांगला वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "निवलाय," आणि घोडीवर बसून गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर रस्त्यावरून वाफ हलत होती. पण आक्कांचा पाय म्हणाला होता. मी पुस्तकात मान घातली.

त्या परत आल्या त्या पायी. पाखरीला ओढत नव्हत्या, तिला खांदा देत होत्या. घोडीचा घाम वाळून अंगावर पांढरं मीठ आलं होतं, नाकपुड्या फाटल्यासारख्या, मागचे पाय थरथरत होते. फाटकाच्या आत येताच तिचे मागचे पाय दुमडले.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. नळ आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि प्रत्येक खोलीत एकेक भरलेला ड्रम होता, उद्यापर्यंत पुरवायचा. पहिला ड्रम आईनं लोटला. मग कुणी कुणाला विचारलं नाही. नांदेडकडचे, कोकणातले, बिहारचे, सगळ्या खोल्यांचं प्यायचं पाणी त्या घोडीच्या अंगावर गेलं. साड्या भिजवून तिच्या मानेवर टाकल्या. आक्का तिच्या तोंडाशी बसून ओंजळीनं थोडं थोडं पाजत होत्या आणि एकसारख्या तिला शिव्या देत होत्या. कुणीतरी संभाला फोन केला. तो गुरांच्या डॉक्टरला गाडीत घालून घेऊन आला. सलाइन लावलं. अंधार पडायच्या सुमाराला पाखरी उठून उभी राहिली.

सगळे मागे सरले तेव्हा आईला अंगणातल्या ओल्या फरशीवर पावलं दिसली. लालसर. फाटकापासून गोठ्यापर्यंत. चपला अजून रस्त्याच्या कडेला होत्या.

"आक्का, बसा," आई म्हणाली. "पाय बघू."

दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते. आक्का त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे पाय असावेत तशा बघत राहिल्या.

"मला भाजलंच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "उभी ऱ्हायले तवा रस्ता गार लागला. येताना बी गारच हुता." मग एकदम मान वर करून, कुणी आरोप केल्यासारख्या: "घाटात भाजलं हुतं. चांगलं भाजलं हुतं मला."

संभा सलाइनची बाटली धरून उभा होता. वर्षभरात तो आक्कांशी पहिल्यांदा बोलला.

"व्हय. भाजत हुतं. तू गेल्यावर मी बी चप्पल काढली हुती."

"मग?"

"मग काय. न्हाई टेकला."

आक्कांनी मान हलवली. आईनं त्यांचे पाय मांडीवर घेऊन धुतले. तेव्हा त्या म्हणाल्या, सुजाता, पानी दे गं. आईनं आमच्या घरातून, ड्रमच्या तळाशी राहिलेलं, स्टीलच्या पेल्यातून आणून दिलं. त्या पूर्ण पेला प्यायल्या आणि आणखी मागितलं. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथं काहीच नव्हतं. नंतर मी तिला छेडलं तेव्हा ती म्हणाली, तहान लागली होती त्यांना, त्यात एवढं काय? माझ्या पुस्तकांमध्ये त्यात बरंच काही आहे. पण तो पेला तिनं दिला होता, मी नाही, म्हणून मी तिथं थांबते.

साखर होती. किती वर्षांची, कुणाला माहीत नाही, कारण आक्का घोडीला डॉक्टर आणायच्या, स्वतःला नाही. पायांची जाणीव गेलेली आहे आणि ती परत येत नाही, असं दवाखान्यात सांगितलं. अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. फोड भरून यायला पावसाळा उजाडला. पांढरे, जाड तळव्यांचे बूट आले; नऊवारीखाली ते असे दिसायचे की आक्का स्वतःच म्हणायच्या, म्हातारी कबड्डीला निघाली. पण हसणं तेवढ्यापुरतं. त्या घोडीवर बसत नव्हत्या. पाखरीला अंगणातल्या अंगणात फिरवायच्या आणि फाटक उघडत नव्हत्या. मी घेऊन जातो, संभा म्हणाला. माझ्याकडे जागा आहे, माणूस ठेवतो. आता त्याच्या म्हणण्यात राग नव्हता. आक्कांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला त्या तेव्हा सगळ्यात जास्त म्हाताऱ्या दिसल्या. ज्या एका गोष्टीवर त्यांनी गावाशी वैर घेतलं होतं तीच त्यांच्या पायातून निघून गेली होती, आणि कधी गेली हे त्यांना कळलंही नव्हतं.

नंतरच्या उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेला आई वाटी घेऊन निघाली तर आक्काच दारात उभ्या. आवंदा घोडीला न्हाई द्यायची, म्हणाल्या. आई म्हणाली, आक्का, साखर आहे तुम्हाला. आक्का म्हणाल्या, गुळाची करतीस ना? वाईच घाल.

आणि मग एका संध्याकाळी कडी वाजली. आक्का फाटकात बूट घालून उभ्या, मागे पाखरी. त्यांनी आईला हाक मारली.

"सुजाता, वाईच बाहेर ये. चप्पल काढ आन रस्त्यावर उभी ऱ्हा." आईला काही कळेना. "माझा पाय आता खोटं बोलतो गं. तू सांग."

माझं डोकं फिरलं. भाडेकरणीला उन्हात अनवाणी उभं करायचं? आणि नेमक्या आम्हालाच? मी आईला म्हणाले, तू कशाला, त्या संभाला बोलवतील की. आई चपला काढत होती.

"त्यांनी संभाला बोलवलं नाही," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात रोज आई उभी राहिली. कंपनीच्या बसला तेही सवयीचं झालं.

आक्का गेल्या हिवाळ्यात गेल्या. झोपेत. पाखरी संभाकडे आहे. तो यात्रेला गाडा जुंपतो, पण घोडी दुसऱ्याची नेतो. पाखरीला बाहेर काढताना तो चप्पल काढतो का, हे मी विचारलेलं नाही. येत्या चैत्रात न सांगता जाऊन बघणार आहे.

त्यांची म्हणून जी शेवटची मूर्ती माझ्याजवळ आहे ती त्या उन्हाळ्यातलीच. मी कॉलेजमधून बसनं येत होते आणि आमच्या फाटकापाशी बस थांबली. खिडकीतून दिसलं. रस्त्याच्या मधोमध आई, साडीचा घोळ जरासा वर धरून, एक पाय उचलून दुसऱ्यावर घासत असलेली. फाटकात आक्का, ते पांढरे बूट, एक हात पाखरीच्या मानेवर. उन्हात उभ्या त्या तिघी. आक्का सोसायटीच्या टाक्यांकडे बघत नव्हत्या. त्या आईच्या पायांकडे बघत होत्या, इतक्या एकाग्रपणे की जणू आपलेच पाय कुणी बाहेर नेऊन ठेवलेत.

"टेकला का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," आई म्हणाली. "थांबा, आक्का."

"थांबते," आक्का म्हणाल्या.